स्त्रियांची पत : गिरणगावच्या खाणावळीपासून म्हसवडच्या बँकेपर्यंत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेच्या दृष्टीने त्या पाठ कराव्याच लागतात. परंतु तांदळाच्या डब्यात खोचून ठेवलेल्या पुरचुंडीलाही इतिहास असतो, वाण्याच्या उधारीच्या वहीलाही असतो आणि बँकेच्या अर्जावर केलेल्या एका वेड्यावाकड्या सहीलाही असतो. ह्या लेखात अशाच एका इतिहासाची ओळख आपणांस करून द्यावी असा विचार आहे. प्रश्न साधा आहे. पापड लाटणारी, डबे पोचवणारी, शिवणकाम करणारी, मासळी विकणारी स्त्री पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते. मग तिला आपला धंदा वाढविण्यासाठी कर्ज का मिळत नव्हते, आणि जेथे मिळू लागले तेथे ते कशामुळे मिळाले?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या गोडदेवच्या गल्ल्यांतून दुपारच्या वेळी एक फेरी मारली, तर किती घरांतून शिवणयंत्राचा आवाज येतो, किती उंबऱ्यांवर बसून मणी ओवले जातात, किती स्वयंपाकघरांतून दुसऱ्यांचे डबे निघतात, हे आपोआप ध्यानात येईल.

पत म्हणजे काय?

‘पत’ ह्या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक अर्थ अब्रू, इज्जत. दुसरा अर्थ उधार मिळण्याची लायकी. पूर्वीच्या काळी गावात हे दोन्ही अर्थ एकच होते. ज्याची अब्रू चांगली त्याला वाणी उधार देई. पुढे बँका आल्या आणि पतीला कागद लागू लागला. बँकेचा अधिकारी अर्जदाराला ओळखत नाही. तो तीन गोष्टी पाहतो. अर्जदाराचे नाव व सही, तारण म्हणून ठेवण्यासारखी मालमत्ता, आणि जामीन राहणारा मनुष्य.

आता ह्या तीन कसोट्यांवर पूर्वीच्या सर्वसाधारण कष्टकरी स्त्रीला उभी करून पाहा. सही येत नाही, कारण शाळेत घातले नाही. तारण नाही, कारण खोली सासऱ्याच्या नाही तर नवऱ्याच्या नावावर. जामीन नाही, कारण तिच्या ओळखीच्या सगळ्या बाया तिच्यासारख्याच. म्हणजे परतफेडीची ताकद तपासण्यापूर्वीच तिचा अर्ज बाद होई. तिची अब्रू उत्तम होती, पण ती लिहिलेला कागद कोठेच नव्हता. हीच ह्या सर्व इतिहासाची गुरुकिल्ली आहे.

ही अडचण केवळ गरीब देशांतील होती असेही नाही. इंग्लंडमध्ये १८७० व १८८२ चे कायदे होईपर्यंत विवाहित स्त्रीची मिळकत सामान्यतः पतीच्या ताब्यात जात असे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात कर्ज देताना स्त्री-पुरुष असा भेद करू नये, असा कायदा व्हायला १९७४ साल उजाडले. आणि काही राज्यांत व्यवसायाच्या कर्जासाठी स्त्रीला घरातील पुरुषाची सही आणावी लागत असे, ती अट तर १९८८ च्या कायद्याने दूर झाली.

ह्याउलट इस्लामी कायद्यात पत्नीची मिळकत पहिल्यापासून स्वतंत्र मानलेली आहे. मेहेर ही तिची स्वतःची रक्कम आहे आणि वारसाहक्कात मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. हजरत खदीजा ह्या मक्केतील नामांकित व्यापारी होत्या आणि दुसऱ्यांच्या हाती भांडवल देऊन आपला माल परदेशी पाठवीत, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. तेव्हा स्त्रीने व्यापार करावा की नाही, हा आपल्यापुढचा वादाचा मुद्दा असूच नये. वाद आहे तो रूढीशी. मेहेर निकाहनाम्यात लिहिली जाते आणि पुष्कळदा तेथेच राहते. बहीण हक्कसोडपत्रावर अंगठा उठवते आणि तिचा हिस्सा भावाच्या नावावर चढतो. हक्क असतो, पण तिच्या नावाचा कागद नसतो, आणि कागद नाही म्हणून पत नाही.

ऐंशी रुपयांचे भांडवल

आता मुंबईकडे वळू. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास ह्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट ह्या त्यांतील एक. भांडवल होते ऐंशी रुपये, आणि तेही उसने. भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख ह्यांनी ते दिले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली व ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. हाच तो पुढे देशभर गाजलेला ‘लिज्जत पापड’. १९६६ साली ह्या संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. जसवंतीबेन ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

विद्यार्थी मित्रांनो, येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, ते ऐंशी रुपये दान नव्हते, कर्ज होते. दान घ्यायचे नाही, हा ह्या भगिनींचा पहिल्यापासून दंडक होता. दानाने एक दिवस निघतो. कर्ज फेडायचे असल्यामुळे मनुष्य हिशोब ठेवतो, माल चांगला करतो आणि शब्द पाळतो. दुसरी गोष्ट अशी की, हे कर्ज बँकेने दिले नाही. ओळखीच्या एका भल्या माणसाने दिले. ज्या बायांच्या ओळखीत असा भला मनुष्य नव्हता, त्यांनी काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर पुढे गिरणगावात सापडले.

खाणावळवाल्या बाया

लालबाग, परळ, वरळी, भायखळा ह्या भागांत कापडगिरण्यांचे भोंगे वाजत त्या काळची गोष्ट. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून, देशाच्या इतर भागांतून लाखो कामगार मुंबईत आले. बहुतेकांची बायकामुले गावी असत आणि एकेका खोलीत पाळीपाळीने अनेक जण झोपत. ह्या माणसांना घरच्यासारखे जेवण घालण्याचे काम चाळीतल्या बाया करीत. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणाचा नवरा आजारी. एकेकीकडे दहा-पंधरा-वीस माणसे जेवत. पहाटे चारला स्टोव्ह पेटे, तो रात्रपाळीचे कामगार जेवून जाईपर्यंत विझत नसे.

ह्या धंद्याची रीत नीट समजून घ्या. कामगार जेवणाचे पैसे देई पगार झाल्यावर, म्हणजे महिनाअखेर. पीठ, तांदूळ, तेल, रॉकेल मात्र बाईला रोज लागे. मधल्या महिन्याचा खर्च ती कोठून करणार? वाण्याकडून उधार, आणि वाणी उधारीचा म्हणून भाव चढा लावणार. ते पुरले नाही तर सावकार, आणि सावकाराकडे मंगळसूत्र किंवा भांडी गहाण.

एक साधे गणित करू. समजा एका बाईने ५०० रुपये दरमहा शेकडा १० ह्या दराने घेतले. दरमहा व्याज ५० रुपये. वर्षाचे ६०० रुपये. म्हणजे वर्षभर व्याज भरून मुद्दलाहून अधिक रक्कम देऊन झाली, आणि मूळचे ५०० जसेच्या तसे डोक्यावर! तेच ५०० रुपये वर्षाला शेकडा ४ ने मिळाले असते, तर व्याज झाले असते फक्त २० रुपये. सहाशे आणि वीस, ह्या दोन आकड्यांतील अंतर म्हणजेच त्या बाईच्या मुलांची शाळा, तिचे औषधपाणी आणि तिची झोप.

आणि ह्यात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. जी बाई जगाच्या दृष्टीने कर्ज देण्यास नालायक होती, ती स्वतः महिनाभर वीस माणसांना उधार जेवू घालीत होती. म्हणजे ती स्वतःच कर्ज देणारी होती! १९७४ च्या आरंभी गिरणी कामगारांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला, तेव्हा पगार बंद असतानाही ह्या बायांनी कामगारांना उपाशी ठेवले नाही. कोण फेडील आणि कोण बुडवील ह्याची पारख त्यांना कोणत्याही अधिकाऱ्याइतकीच होती. फक्त त्यांची वही त्यांच्या डोक्यात होती.

हे ओळखले प्रेमाताई पुरव ह्यांनी. मूळच्या गोव्याच्या. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईच्या कामगार चळवळीत रमलेल्या. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी होते, त्यामुळे बँकेचा व्यवहार घरात परिचयाचा होता. त्यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. पहिल्या खेपेस चौदा बायांनी बँक ऑफ बडोदाकडून कर्ज घेतले.

हे त्याच सुमारास कसे जमले, ह्याला कारण आहे. १९ जुलै १९६९ रोजी केंद्र सरकारने चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले होते. बड्या कारखानदारांबरोबर लहान शेतकरी, कारागीर व फेरीवाले ह्यांनाही बँकेने कर्ज द्यावे, असे धोरण ठरले. १९७२ साली दुर्बल घटकांसाठी शेकडा ४ व्याजाची योजना निघाली. म्हणजे दार कायद्याने उघडले होते. पण दार उघडे असणे वेगळे आणि उंबरा ओलांडण्याचे धैर्य होणे वेगळे. बँकेची पायरी कधी न चढलेल्या बाईला अर्ज कोण भरून देणार, आणि तिचा जामीन कोण राहणार?

मंडळाने ह्यावर जो तोडगा काढला तो फार महत्त्वाचा आहे. एका वस्तीतील बायांनी गट करावा आणि एकीने दुसरीची हमी घ्यावी. सोने नाही, खोली नावावर नाही. पण शेजारीण आहे. शेजारणीला ठाऊक असते की हिच्याकडे किती माणसे जेवतात, ही पैसा कोठे घालवते, हिचा शब्द कसा आहे. बँकेच्या अधिकाऱ्याला जे वर्षभर चौकशी करून कळले नसते, ते चाळीतल्या बाईला डोळे मिटून ठाऊक होते. हीच ती जुनी अब्रू, जिला आता कागदावर जागा मिळाली. एकीने बुडविले तर सगळ्यांची पत जाणार, म्हणून हप्ते वेळेवर भरण्याची काळजी सगळ्याच घेत.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, कामगार गावी परतले आणि खाणावळीचा पायाच ढासळला. मंडळाने मग दादरला स्वयंपाकघर चालवून समारंभांची व कचेऱ्यांची जेवणे पुरविण्याचे काम धरले आणि वाशीलाही आपले केंद्र उभारले. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. गिऱ्हाईक नाहीसे झाले तरी एकत्र आलेल्या बाया नाहीशा झाल्या नाहीत, हे येथे विसरता कामा नये.

शेजारचे प्रयोग

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीस महाराष्ट्र शासनाने ‘महिला आर्थिक विकास महामंडळ’ स्थापन केले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९७४ साली, अहमदाबादेत इलाबेन भट्ट ह्यांच्या ‘सेवा’ संघटनेने स्त्रियांची स्वतःची सहकारी बँक काढली. भाजीवाल्या, चिंध्या गोळा करणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या अशा चार हजार बायांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेतला. आधी त्यांनी सरकारी बँकांतूनच कर्जे मिळविण्याचा प्रयत्न केला होता. पण मळके लुगडे आणि कडेवर मूल घेऊन आलेल्या बाईशी तेथे नीट बोलत नसत. ‘मग आपलीच बँक का नको?’ असा विचार पुढे आला. लिहितावाचता न येणाऱ्या बायांच्या पासबुकावर त्यांचे छायाचित्र लावून ओळखीचा प्रश्न सोडविण्यात आला.

बांगलादेशात १९७६ साली प्राध्यापक मुहम्मद युनूस ह्यांनी चितगावजवळच्या जोबरा गावी स्वतःच्या खिशातून बेचाळीस जणांना मिळून सुमारे २७ डॉलर दिले. बांबूची मोडे विणणाऱ्या बाया त्यांत होत्या. ह्या छोट्या प्रयोगातून १९८३ साली ग्रामीण बँक निघाली व तिचे बहुसंख्य कर्जदार स्त्रियाच होत. २००६ साली त्यांना व ग्रामीण बँकेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात १९९२ साली नाबार्डने पाचशे बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला. दहा ते वीस बायांनी दरमहा ठरलेली रक्कम जमा करावयाची, त्यातून आपसात कर्ज द्यावयाचे, नोंदवही चोख ठेवावयाची, आणि ही वही पाहून बँकेने गटाला कर्ज द्यावयाचे, अशी ही पद्धत. आज महाराष्ट्रात बचत गट ठाऊक नाही असे गाव शोधूनही सापडणार नाही. मुंबईच्या चाळीतील शेजारणीची हमी, अहमदाबादच्या भाजीवालीचे दहा रुपये आणि बचत गटाची वही, ह्या तिन्हींचे सूत्र एकच आहे.

अंगठा आणि हिशोब

ह्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे आहे. माण तालुका हा कायमचा दुष्काळी. मुंबईत वाढलेल्या व लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झालेल्या चेतना गाला सिन्हा ह्यांच्याकडे रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई आली. तिला कर्ज नको होते. तिला रोज थोडे पैसे साठवावयाचे होते, म्हणजे पावसाळ्यापूर्वी पालावर घालण्यास प्लास्टिकचा कागद घेता येईल. इतकी लहान रक्कम ठेवून घेण्यास कोणती बँक तयार होईना. तेव्हा बायांची बँक काढण्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला. तो नामंजूर झाला. कारण असे की, बँक काढू पाहणाऱ्या कित्येक बायांना सही करता येत नव्हती. अर्जावर अंगठे होते.

चेतनाताई सांगतात की, त्या निराश होऊन परतल्या, परंतु बाया निराश झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘आम्हांला लिहायला शिकवा.’ दिवसभर राबून आलेल्या बाया रात्री पाटी घेऊन बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज झाला आणि ह्या वेळी त्या स्वतः अधिकाऱ्यांपुढे गेल्या. त्यांनी अधिकाऱ्यांनाच आव्हान दिले. ‘कोणतीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय काढून दाखवावे.’ परवाना मिळाला आणि १९९७ साली ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली.

वाचकहो, ह्या प्रसंगातील दोन्ही बाजू नीट पाहा. हिशोबाची बुद्धी त्या बायांत आधीपासूनच होती. शाळेने ती दिली नाही. परंतु ती बुद्धी जगाने मान्य करावी ह्यासाठी सहीची गरज पडली, आणि ती मात्र पाटीवरच मिळाली. शिक्षण माणसाला शहाणे करते की नाही ह्यावर वाद होऊ शकेल. शिक्षणावाचून शहाण्या माणसाचीही पत होत नाही, ह्यावर वाद होऊ शकत नाही.

कर्जाची दुसरी बाजू

एवढे वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की, कर्ज मिळाले म्हणजे सारे मिळाले. आंध्र प्रदेशात काही खाजगी कंपन्यांनी गरीब बायांना एकावर एक कर्जे वाटली. एकाचा हप्ता भरण्यास दुसरे कर्ज, दुसऱ्याचा भरण्यास तिसरे. वसुलीसाठी दारात माणसे बसू लागली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. तेथेही गट होते, तेथेही हमी होती. नव्हती ती आधी बचत करण्याची शिस्त. शेजारणीची हमी हा जिव्हाळ्याचा आधार आहे. पण वसुली करणाऱ्याने तोच फास केला तर शेजारीणच वैरीण होते.

आणखी एक प्रकार आपल्या डोळ्यांसमोर घडतो. कर्ज बाईच्या नावावर, पैसा घरातील पुरुषाच्या हातात, आणि हप्त्याची नोटीस पुन्हा बाईच्या नावावर! ह्याला स्त्रीची पत म्हणत नाहीत. हा तिच्या नावाचा भाडोत्री वापर झाला.

व्याजाच्या प्रश्नाविषयीही आपल्या समाजात प्रामाणिक अडचण आहे. त्यावर मत देण्याचा माझा अधिकार नाही. ते जाणकारांना विचारावे. बिनव्याजी कर्जाची, कर्ज-ए-हसनाची परंपरा आपल्याकडे आहे, आणि देवबंदच्या मुस्लिम फंडासारख्या संस्थांनी दागिने ठेवून घेऊन बिनव्याजी रकमा दिलेल्या आहेत. परंतु कोणत्याही मार्गाने गेलो तरी एक गोष्ट टळत नाही, ती म्हणजे लेखी हिशोब. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. असे असताना आपल्या घरातील व्यवहार तोंडी का राहावेत?

आता आपल्या दारात

आपले गोडदेव हे नवघर, खारी ह्या शेजारच्या गावांसारखेच भाईंदर पूर्वेचे एक जुने गाव. एके काळी ह्या परिसराची ओळख मिठागरे, भातशेती व मासेमारी. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र होऊन मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. मुंबईत जागा परवडेना तशी कुटुंबे इकडे सरकली. स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आले. पुरुष लोकलने किंवा कारखान्यात कामास जाऊ लागले आणि स्त्रियांनी घरबसल्या कामे धरली. ह्या कामांची कोठे नोंद नाही. मजुरी नगावर, हिशोब दलालाच्या वहीत.

ही स्थिती एकट्या गोडदेवची नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आलेल्या न्यायमूर्ती सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की, मुस्लिम स्त्रिया घरबसल्या कामांत मोठ्या प्रमाणावर आहेत, बँक कर्जातील समाजाचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी आहे, आणि काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग कर्जासाठी प्रतिकूल म्हणून बाजूला ठेवले होते. म्हणजे आपल्या भगिनीपुढे दुहेरी अडचण. एक स्त्री म्हणून, दुसरी पत्ता म्हणून. पत्त्याच्या अन्यायाबद्दल आपण आवाज उठवावा, तो आपला हक्कच आहे. परंतु पहिल्या अडचणीचा बराचसा भाग आपल्याच घरात निर्माण होतो, हेही मोकळ्या मनाने कबूल करावे.

दरम्यान दारे पुष्कळ उघडली आहेत. महाराष्ट्रात २००० साली मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. २०१४ साली जनधन खाती निघाली. ८ एप्रिल २०१५ पासून मुद्रा योजनेतून लहान धंद्यांना तारणाशिवाय कर्ज मिळू लागले, आणि त्यांतील निम्म्याहून कितीतरी अधिक कर्जखाती स्त्रियांच्या नावांवर निघाली. २०२१ साली राज्य शासनाने स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा नियम झाला. एकेकाळी कोणत्याच कागदावर नसलेले आईचे नाव आता बाळाच्या पहिल्या कागदावर आले आहे.

मात्र शाळेत प्रगतिपुस्तकावर आईची सही आणावयास सांगितले, तर आजही कित्येक मुले वडिलांचीच सही आणतात. आईला येत नाही म्हणून नव्हे. सही म्हणजे वडिलांचे काम, अशी समजूत आहे म्हणून. जी बाई दिवसाला शंभर नग शिवून त्याची मजुरी तोंडी सांगते, तिने आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर सही करू नये, ह्यासारखी विसंगती दुसरी कोणती?

म्हणून पालकांना काही विनंत्या कराव्याशा वाटतात. मुलीचे शिक्षण आठवी-नववीत थांबवू नका. टक्केवारी, व्याज आणि जमाखर्च तिला शाळेतच पक्के करता येतात. घरातील स्त्रीचे खाते काढले असेल, तर त्याचे पासबुक तिच्याकडेच राहू द्या. मेहेरची रक्कम आणि बहिणीचा हिस्सा हे तिच्या नावाने कागदावर येऊ द्या. हक्कसोडपत्र पुढे करण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. गल्लीत बचत गट असेल, तर आपल्या घरातील स्त्रीला त्याच्या सभेस जाऊ द्या. आणि कर्ज तिच्या नावावर घेतले, तर ते तिच्याच धंद्यात जाऊ द्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी मात्र विनंती नाही, गृहपाठ आहे. ह्या सुट्टीत एक साधी वही घ्या. आई जे काम करते त्याची रोज नोंद करा. किती नग, काय दर, किती मिळाले, किती येणे आहे, दोऱ्याला आणि विजेला किती गेले. महिनाअखेर बेरीज करून तिला वाचून दाखवा आणि खाली तिची सही घ्या. सही येत नसेल तर शिकवा. तुम्ही तिचेच बोट धरून चालावयास शिकलात, हे लक्षात ठेवून धीराने शिकवा. अशा बारा महिन्यांच्या बारा बेरजा झाल्या की, ती वही घेऊन ती बँकेत गेली तर अधिकाऱ्यासमोर ठेवण्यास तिच्याकडे काही असेल.

गिरणगावच्या बाईची वही तिच्या डोक्यात होती, म्हणून ती कोणाला दिसली नाही. आपल्या आयांची वही आपण लिहू शकतो. तेवढ्यासाठीच तर आपण शाळेत येतो.